रुपाली बंडगरचा शेरा

रुपाली बंडगरने आजवर एकही वस्तू पारखल्याशिवाय घरात घेतलेली नाही. नवी पेठेत ती कुकर घ्यायला शिरली की दुकानदार मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतो. बाई झाकण बसवून बघणार, काढून बघणार, शिट्टी उचलून बघणार, रबर ताणून बघणार आणि शेवटी म्हणणार, "ह्यातलाच दुसरा दाखवा." दुसराही तसाच असतो. मग ती पहिलाच घेते, आणि घरी पोचेपर्यंत तिला वाटत राहतं की दुसराच बरा होता.

हा संशय तिच्याकडे आईकडून आला. आई अंबुबाई सांगोल्याकडची, धनगराची. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन सगळं घर निघायचं, आणि सगळं घर म्हणजे एका घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढं. आधी घोंगड्या, त्यांवर भांडी, भांड्यांवर मेंढरं कोंडायची जाळी, आणि सगळ्यांत वर डालग्यात, अजून चालता न येणारी कोकरं. मुक्कामाला हे सगळं उलट्या क्रमाने उतरवायचं. एकदा रुपालीच्या चुलत्याने मदत म्हणून घाईघाईत खालची गाठ आधी सोडली. ओझं एका अंगाला कललं, घोडं बुजलं आणि डालग्यासकट दोन कोकरं फरफटत गेली. त्या दिवसापासून अंबुबाई कुणाला गाठीला हात लावू देईना. "शेवटी बांधलं त्ये आदी सोडायचं," ती म्हणायची, "आन् सोडताना वर कोण बसलंय का त्ये बघायचं. कुणी म्हनलं की मी बघितलंय, तरी आपन बघायचं." चुलता पुढे म्हातारा झाला, नातवंडं झाली, तरी तो घोड्याजवळ आला की अंबुबाई उठून उभी राहायची.

रुपाली आता अडतीस वर्षांची आहे आणि पगारच ह्या गोष्टीचा घेते.

अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत उदयसिंहांची एक छोटी कंपनी आहे. टॉवेलच्या यंत्रमागांना लावायचं इलेक्ट्रॉनिक कार्ड ती बनवते. माग किती फिरला, धागा कुठे तुटला, नक्षी कुठवर आली, हे सगळं ते कार्ड मागावरच्या छोट्या संगणकाला सांगतं. कार्डाचं बोलणं संगणकाला कळावं म्हणून जो प्रोग्राम लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो संगणकाच्या अगदी गाभ्यात, कर्नेलमध्ये, जाऊन बसतो. बाहेरच्या एखाद्या प्रोग्रामची चूक झाली तर तो एकटा बंद पडतो. गाभ्यातल्याची चूक झाली तर अख्खा संगणक जागच्या जागी थिजतो.

हा ड्रायव्हर सुरू होताना कर्नेलपुढे हात पसरतो. मला एवढी मेमरी द्या, कार्डाने हाक मारली की मला उठवा, हे द्या, ते द्या. जे मिळालं ते जाताना परत करायचं, आणि तिसरी गोष्ट मिळाली नाही तर पहिल्या दोन मुकाट्याने परत देऊन निघायचं, असा नियम आहे. पण लिहिणाऱ्यांना हौस मागायची. परत द्यायच्या ओळी ते दारात चप्पल घालता घालता लिहितात. रुपाली नेमक्या त्याच ओळी वाचते. ड्रायव्हर चालतो का, हे ती विचारतही नाही; चालतोय म्हणूनच तर तिच्याकडे आलाय. मेमरी मिळालीच नाही तर? कार्ड अर्ध्यात उपटलं तर? तिचा प्रत्येक शेरा "आणि नाही झालं तर?" असा सुरू होतो. ऑफिसात तिच्या मागे तिला "नाही झालं तर बाई" म्हणतात. हे तिला ठाऊक आहे, आणि कोण कोण म्हणतं हेही ठाऊक आहे.

तिने वाचून खाली आपलं नाव घातलं की त्या ओळी पुन्हा कुणी उघडत नाही. उदयसिंह गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतात, "आमच्याकडं रुपालीताई हायत. त्यांच्या नजरेखालून गेलं की निर्धास्त झोपा." येत्या दसऱ्याला तिला सगळ्या प्रोग्रामरांची प्रमुख करायचं जवळपास ठरलं होतं.

आणि श्रावणात ती भानगड झाली.

एका मोठ्या कारखान्यात कंपनीची चाळीस कार्डं लागली होती. तिथल्या मागांवरचे संगणक अधूनमधून थिजायला लागले. आज बारा नंबरचा, परवा एकतीस नंबरचा, मग चार दिवस काही नाही. एवढंच कळलं होतं की साफसफाईसाठी कार्ड काढताना हे होतं. संगणक थिजला की चालू नक्षी पुसली जायची, अर्धा टॉवेल वाया जायचा आणि माग तासभर नुसता उभा. कारखानदाराने निरोप पाठवला, दुरुस्त करा नाहीतर चाळीसच्या चाळीस कार्डं घेऊन जा.

उदयसिंहांनी रुपालीला बोलावलं. "सोमवारपर्यंत मला दोन गोष्टी लेखी पायजेत. काय चुकलं आणि कुनाचं चुकलं. त्येंना सांगता आलं पायजे की बाबा, तो मानूस आमी काढला."

कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. ड्रायव्हर शिवशरणने लिहिला होता. शिवशरण अक्कलकोटचा, तिशीतला, रोज एसटीने येणारा. घरी फोनवर कन्नड बोलायचा आणि ऑफिसात कुठल्याच भाषेत फारसं बोलायचा नाही. बायकोला सातवा महिना लागला होता. नोकरी गेली तर त्याचं काय होईल, हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून सगळे त्याच्याशी आधीच जरा जास्त गोड बोलायला लागले होते.

रुपाली गोड बोलली नाही. तिच्या मनात त्याच्याबद्दल पाल चुकचुकली होती. एक तर भानगड झाल्यापासून तो तिच्याआधी ऑफिसात यायला लागला होता. दुसरं, ती त्याच्या खुर्चीमागून गेली की तो पडद्यावरचं काहीतरी पटकन मिटवायचा. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा तिने मुद्दाम पाणी प्यायचं निमित्त काढून खडा टाकून पाहिला, तर ह्या पठ्ठ्याने मिटवलंच.

"काय चाललंय रे?" तिने विचारलं.

"काय न्हाय ताई. असंच."

असंच! ज्या माणसाची नोकरी टांगणीला लागलीय तो असंच काय वाचत बसतो? त्याला चूक सापडलीय आणि तो पुरावा पुसतोय, ह्याबद्दल रुपालीला शंका उरली नाही.

तिने आधी ऑफिसातलं कार्ड टेबलावर घेतलं. संगणकाच्या पडद्यावर "कार्ड काढा" असं एक बटण असतं. ते दाबलं की ड्रायव्हर आपलं बस्तान आवरतो आणि मग कार्ड ओढून काढायचं. रुपालीने तीनशे वेळा बटण दाबलं आणि तीनशे वेळा कार्ड काढलं. एकदाही काही थिजलं नाही. तेव्हा तिला कारखान्यातल्या बायकांचा संशय आला. त्या बटण न दाबताच कार्ड उपटत असणार.

शुक्रवारी ती कारखान्यात गेली. मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता आणि कापसाची बारीक लव नाकात जात होती. महादेवी नावाची पन्नाशीची बाई चार माग सांभाळत होती. तिने रुपालीच्या हातातल्या वहीकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"लिवून घ्यायला आलाव व्हय? आमीच मोडतो म्हनून?"

"नुसतं बघायला आले, मावशी."

"बघा की."

रुपाली तासभर उभी राहिली. महादेवीने माग थांबवला, पूर्ण थांबू दिला, हात पुसले, बटण दाबलं, पडद्यावर परवानगी येईपर्यंत हाताची घडी घालून वाट बघितली, कार्ड काढलं, लव उडवली. पुढच्या मागावरही तेच. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. काहीही थिजलं नाही, आणि रुपालीच्या मनातला संशय दुप्पट झाला, कारण चार माग सांभाळणारी बाई हाताची घडी घालून उभी राहील हे तिला पटेना. तिची आई कधी अशी उभी राहिली असती?

"येते मावशी," म्हणून ती निघाली, बाहेर जाऊन चहा घेतला, आणि परत येऊन दाराच्या फटीतून बघत राहिली. कारखान्याच्या दाराआड लपून बायकांवर पाळत ठेवायची वेळ आपल्यावर आली ह्याची तिला लाज वाटत होती, पण पाय हलत नव्हते.

महादेवी आता आपल्या नेहमीच्या वेगात होती. माग थांबला. तिने डाव्या हाताने बटण दाबलं आणि त्याच वेळी उजव्या हाताने मागाचं बाजूचं चाक धरून गरकन अर्धा फेरा उलटं फिरवलं. फणी मागे सरकली, खालची लव मोकळी झाली. बटणाची परवानगी येईपर्यंत तिची निम्मी सफाई झालेली.

रुपाली तशीच आत धावली. "मावशी, हे चाक?"

महादेवी दचकली, मग चिडली. "चोरावानी बघत हुता व्हय! चाक फिरवल्याबिगर फनीखालचं निगत न्हाय. माझी सासू बी असंच करायची. आता ह्येला बी बंदी?"

"न्हाय मावशी," रुपाली म्हणाली. तिच्याही तोंडात गावची बोली आली. "तुमचं काय चुकलेलं न्हाय. उलट लई उपकार झाले."

रिक्षात बसल्या बसल्या तिला अर्धं कळलं होतं. माग बंद असला तरी चाक हाताने फिरवलं की कार्ड हाक मारतंच. फेरा कुणी फिरवला हे कार्डाला काय माहीत? ऑफिसातल्या टेबलावर चाकच नव्हतं, म्हणून तीनशे वेळा काही झालं नाही. म्हणजे बटण दाबल्यावर, ड्रायव्हर आवराआवर करत असताना, मध्येच हाक येत होती. आता एवढंच बघायचं होतं की शिवशरणने आवराआवर कुठल्या क्रमाने केलीय. कुणीतरी खालची गाठ आधी सोडली होती.

ऑफिसात येऊन तिने त्या ओळी उघडल्या. जे दिसलं ते बघून तिने दातओठ खाल्ले. ड्रायव्हर मेमरी आधी परत करत होता. मग कार्डाला झोपवायला चांगला अर्धा सेकंद घेत होता. आणि हाका थांबवायची ओळ तर तिथे नव्हतीच. ते काम कर्नेलच्या आपोआप परत घेण्याच्या सोयीवर सोडलं होतं, आणि ती सोय सगळं आटोपल्यावर, अगदी शेवटी चालते. त्या अर्ध्या सेकंदात महादेवीने चाक फिरवलं की हाक यायची, ड्रायव्हर उठायचा आणि परत दिलेल्या, आता दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असलेल्या जागेवर खुशाल लिहायचा. संगणक थिजणार नाही तर काय?

इतकी ढोबळ चूक! ती पुटपुटली. सापडलास.

अहवालात तारीख घालायची म्हणून तिने त्या ओळींचा इतिहास उघडला. प्रत्येक ओळ कुणी, कधी, का बदलली, हे तिथे जपलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी शिवशरणने पहिल्यांदा जे लिहिलं होतं त्यात हाका थांबवायची ओळ होती. हाताने लिहिलेली, सगळ्यांत वर, मेमरीच्या आधी. क्रम अगदी बरोबर होता.

त्या ओळीखाली एक शेरा होता. "हे हाताने कशाला परत देतोस? विसरायला होतं. कर्नेलची आपोआप सोय वापर आणि ही ओळ काढ."

त्याखाली शिवशरणचं उत्तर होतं. "व्हय ताई, काढली."

आणि त्याखाली, तपासणाऱ्याच्या जागी, तिचं स्वतःचं नाव.

रुपालीने ते तीनदा वाचलं. तिला वाटलं कुणीतरी नंतर घुसवलं असेल. तारीख बघितली, वेळ बघितली. मग आठवलंच तिला. त्या दिवशी ओळी कमी झाल्या म्हणून तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. मेमरी तेवढी हातानेच परत दिली जातेय आणि हाका मात्र आपोआपवर गेल्या, म्हणजे दोघांची पाळी उलटी झाली, हे तिने बघितलंच नव्हतं. जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणाऱ्या बाईने एका माणसाला सूट दिली होती, ते माणूस म्हणजे ती स्वतः.

ती उठली आणि शिवशरणच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याने नेहमीप्रमाणे पडद्यावरचं मिटवलं.

"उघड ते."

"ताई, काय न्हाय वो..."

"उघड म्हनते न्हवं!"

त्याने उघडलं. पडद्यावर तोच शेरा होता.

"कधीपासून बघतोयस?"

"आठ दिस झाले."

"आणि बोलला न्हाईस? तुझी नोकरी चालली हुती, येड्या! बायकोचा सातवा महिना, आणि तू मला वाचवत बसलास?"

शिवशरणने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर उपकाराचा भाव मुळीच नव्हता. होता तो गोंधळ. "वाचवत न्हवतो ताई. खरंच. मला वाटायचं, तुमी सांगितलंय म्हंजे बरोबरच असनार. मग माझंच कुटंतरी चुकतंय, मला ते कळत न्हाय. म्हनून रोज लवकर येऊन वाचत हुतो. तुमी आला की मिटवायचो, कारन तुमाला वाटंल, चार वरसं झाली तरी ह्याला एवढं पन समजंना."

त्याने तिला पाठीशी घातलं असतं तर ती त्याच्यावर रागावली असती आणि सुटली असती. पण आठ दिवस चूक डोळ्यांसमोर असून त्याला ती चूक वाटलीच नाही, केवळ खाली तिचं नाव होतं म्हणून. हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

शनिवारी तिने उदयसिंहांच्या टेबलावर अहवाल ठेवला. काय चुकलं, तिथे सगळं सविस्तर. कुणाचं चुकलं, तिथे "रुपाली बंडगर".

उदयसिंहांनी दोनदा वाचलं, उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला. "रुपालीताई, तुमचं नाव कसं देऊ मी? तुमच्या नावावर माल जातो आपला. ड्रायव्हर त्येनंच लिवलाय न्हवं? त्येचं नाव घालू. पोरगं तरनं हाय, पुन्यात कुटंबी लागंल. हे तुमाला आन् मला सोडून कुनालाच म्हाईत न्हाय."

एक क्षण, खोटं कशाला सांगा, रुपालीच्या डोळ्यांसमोर दसरा आला, प्रमुखाची खुर्ची आली, नवी पाटी आली. शिवशरण सोडला तर इतिहास उघडून बघणारं दुसरं कोण होतं ह्या कंपनीत? कुणी नाही, आणि तो तर चूक स्वतःचीच धरून बसला होता. आणि हेच तर ती इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारत आली होती, की कुणी बघत नसताना परत द्यायचं ते देता का?

"त्याने बरोबर लिवलं हुतं," ती म्हणाली. "मी मोडलं. त्याला काढलंत तर हा कागद मी स्वतः कारखान्यात नेऊन देणार. आणि आजपासून माझं एकटीचं नाव खाली चालणार न्हाय. मी लिहीन ते शिवशरण तपासंल."

"तो? तुमचं?" उदयसिंह हसलेच. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी अहवाल पाकिटात घातला. कारखान्याला अहवाल तसाच गेला. दसऱ्याला प्रमुख कुणीच झालं नाही, आणि त्याबद्दल उदयसिंह पुन्हा कधी बोलले नाहीत.

अहवालानंतरच्याच सोमवारी रुपालीने दुरुस्ती लिहिली. बटण दाबल्यावर आधी हाका थांबवायच्या, हाताने, मग कार्ड झोपवायचं, मग मेमरी परत. ती शिवशरणकडे तपासायला पाठवली. दोन मिनिटांत उत्तर आलं, "बरोबर आहे ताई."

दोन मिनिटांत! रुपाली भडकली. तिने परत पाठवलं. "वाचलं नाहीस. माझं नाव झाकून पुन्हा वाच."

तिने तिरक्या नजरेने पाहिलं, तर शिवशरणने खरोखरच पडद्यावर, तिच्या नावावर, एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती आणि बोटाने एकेक ओळ पुढे सरकत होता. जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले गेले, तो उठला नाही. रुपालीलाही भाकरी गोड लागेना. सापडणार काही नाही ह्याची तिला खात्री होती, आणि आपल्याला खात्री आहे ह्याचीच आता तिला भीती वाटत होती.

अडीच वाजता शेरा आला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या लिहिण्यावर शेरा मारला होता.

"ताई, आणि नाही झालं तर? बटण दाबून बंद करतानाचं तुम्ही नीट केलंय. पण ड्रायव्हर सुरू होतानाच शेवटची गोष्ट मिळाली नाही तर तो अर्ध्यातून परत फिरतो. त्या वाटेवर अजून मेमरी आधी जातेय आणि हाका चालूच राहतायत. तिथे पण हाताने थांबवायची ओळ पाहिजे."

आधी तिला संतापच आला. अर्ध्यातून परत फिरायची वाट! म्हणजे ज्या ओळी वाचण्यासाठी ती ओळखली जाते नेमक्या त्याच. चूक त्याचीच असणार म्हणून तिने ओळी उघडल्या, वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. त्याच्या शेऱ्यात खोट काढायला तिने जंग जंग पछाडलं. खोट नव्हती.

शिवशरण आपल्या जागी अवघडून बसला होता. आता ताई उठून येणार आणि सगळ्यांसमोर खरडपट्टी काढणार, अशा तयारीत त्याने खांदे आखडून घेतले होते. रुपाली उठली नाही. तिने ती ओळ तिथे घातली, क्रम पुन्हा एकदा बघितला आणि त्याच्या शेऱ्याखाली उत्तर लिहिलं.

"व्हय शिवशरण, घातली."